शौचपात्राची डळमळ आणि आमची शुचिता

शौचकूपांतील भांडें डळमळतें, तें स्थिर कसें करावें, हा विषय वाङ्मयीन मासिकाच्या पृष्ठांवर आलेला पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. काव्य, नाटक, इतिहास आणि तत्त्वचर्चा यांच्या पंक्तीला या गोष्टीचें पान कोणी मांडावें, असा प्रश्नहि विचारला जाईल. आमचें उत्तर असें कीं, ती आठी हाच आमच्या लेखाचा विषय आहे. नुकतेंच बसविलेलें भांडें महिन्याभरांत हलूं लागतें, याचें कारण जितकें फरशीखालीं असतें तितकेंच या आठींत असतें. आणि जोंपर्यंत ती सुशिक्षितांच्या कपाळावरून जात नाहीं, तोंपर्यंत कितीहि नामांकित कारखान्याचें भांडें आणलें तरी तें आमच्या घरांत धड बसणार नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम आमच्याच घरची हकीकत सांगतों. कारण या दोषांत आम्ही स्वतः पुरते वांटेकरी आहों. पुण्यांतील तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरांत उकिडवें बसण्याचें जुन्या पद्धतीचें भांडें होतें. मातोश्रींचें वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे वांकेनासे झाले, तेव्हां तें काढून खुर्चीप्रमाणें बसतां येईल असें, ज्यास सर्वत्र कमोड म्हणतात तें, बसवावयाचें ठरलें. बाहेरच्या खोलीची फरशीहि त्याच सुमारास बदलावयाची होती. त्या फरशीचा रंग ठरविण्यांत आम्हीं चार रविवार घालविले. ती बसवीत असतां गवंड्याच्या डोक्याशीं उभे राहिलों. एक सांधा केसभर वांकडा दिसला तेव्हां लादी पुनः उचलावयास लावली. कमोड मात्र एका दुपारीं कोणी तरी येऊन बसवून गेला. त्यानें खालीं काय घातलें, स्क्रू किती लांबीचे वापरले, हें आम्हीं पाहिलें नाहीं, विचारलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर त्या खोलीच्या दारांत उभें राहण्याचीहि आम्हांस इच्छा नव्हती.

तीन आठवडे गेले नाहींत तोंच मातोश्री म्हणाल्या, "बाबा, बसलं की ते डाव्या अंगाला कलतं." आम्हीं हातानें हलवून पाहिलें. दोन पोस्टकार्डें सरकतील एवढीच काय ती फट! एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला, असें मनांत म्हणून आम्हीं बसविणाऱ्यास बोलाविलें. त्यानें भांड्याच्या बुडाभोंवतीं पांढऱ्या सिमेंटाचा जाडसा कांठ फिरविला, "उद्यापर्यंत वापरू नका" असें सांगितलें, व पैसे घेऊन तो गेला. पंधरा दिवसांनीं त्या कांठास केसासारखी चीर पडली. पुनः सिमेंट, पुनः चीर. असें तीनदां झालें. चौथ्या खेपेस आम्हींच मातोश्रींस सांगितलें कीं, जरा बेतानें बसत जा.

या बेताचा अर्थ पुढें उन्हाळ्यांत कळला. त्यांना मूत्रमार्गाचा दाह झाला, ताप आला, आणि पाणी पुरेसें पितां काय असें डॉक्टरांनीं विचारतां असें उघडकीस आलें कीं, दिवेलागणीनंतर पाण्याचा घोट घेणें त्यांनीं सोडून दिलें होतें. रात्रीं उठावें लागूं नये म्हणून! अंधारांत त्या हलत्या भांड्यावर टेकतांना आपण पडूं, हाड मोडेल, आणि मग मुलांवर भार होईल, ही भीति त्यांनीं कोणास बोलून दाखविली नव्हती. त्याच आठवड्यांत खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनीं त्यांच्या छताचे सुटलेले पोपडे आणि पिवळा डाग आम्हांस नेऊन दाखविला. दोन पोस्टकार्डांच्या फटीनें एका वृद्धेचें पाणी तोडलें होतें आणि दुसऱ्याच्या छतांत मैला मुरविला होता. आम्ही मात्र त्या अवधींत कांठाचें सिमेंट पुरेसें पांढरें दिसतें कीं नाहीं, एवढेंच पाहत होतों.

अखेरीस शेजाऱ्यांच्याच सांगण्यावरून एक वयस्क कारागीर आला. त्यानें सिमेंटाची पिशवी आणली नव्हती. बॅटरी, पाणसळ आणि छिन्नी आणली होती. टांकीचा नळ बंद करून त्यानें पाणी सोडलें, भांड्यांत उरलेलें फडक्यानें टिपलें, तिन्ही थरांचें सिमेंट फोडलें आणि भांडें उचलून बाजूस ठेविलें. मग म्हणाला, "पाहायचं असेल तर आत्ताच पाहा साहेब. भांडं चांगलं आहे. त्याला टेकायला जागाच दिली नाही." आम्ही त्या खोलींत गुडघ्यांवर बसून जमिनीकडे पाहण्याची ती आयुष्यांतील पहिलीच वेळ. सिमेंटाच्या आंत काळा चिखल सांचला होता. रबरी कडें एका बाजूस सरकलें होतें. स्क्रू इतके आखूड होते कीं, लादी ओलांडून ते जेमतेम खालच्या भुसभुशीत भरावांत पोंचले होते.

जें तेव्हां पाहिलें व त्यानंतर समजून घेतलें, तें वाचकांपुढें मांडतों. कारण हें ज्ञान कोणा एका धंद्याची गुप्त विद्या नव्हे, आणि तें घरोघर असतें तर आमच्यासारख्यांची फसगत झाली नसती. आपल्याकडे शौचकूपाची व न्हाणीची जमीन मुद्दाम उतरती ठेवितात. पाणी मोरीकडे वाहून जावें म्हणून तिला ढाळ देतात. कमोडाचें बूड मात्र सपाट असतें. सपाट बूड उतरत्या जमिनीवर ठेविलें, तर तें सर्व बाजूंनीं कसें टेकणार? एक कोपरा अधांतरीं राहणारच. शिवाय चिनी मातीचें भांडें भट्टींत भाजतांना सुमारें दशांशानें आटतें, आणि आटतांना त्याच्या बुडास किंचित् बांक येऊं शकतो. म्हणजे उत्तम भांडें आणि उत्तम फरशी यांच्यामध्येंहि थोडी फट राहणें हा अपवाद नव्हे, नियमच होय. ती हिशेबांत धरून भरणें यालाच भांडें बसविणें म्हणतात. नुसतें आणून ठेवणें म्हणजे बसविणें नव्हे.

याखेरीज तीन कारणें वारंवार आढळतात. पहिलें, मैल्याचा नळ फरशीच्या वर अधिक उंच राहिलेला असतो, आणि भांडें जमिनीवर न टेकतां त्या नळाच्या तोंडावर तोलून राहतें. दुसरें, लादीखालीं मसाला सर्वत्र न पसरतां चार ठिकाणीं त्याचे गोळे ठेविलेले असतात. अशी लादी ठोकली तर पोकळ वाजते, आणि भार पडला कीं दबते किंवा फुटते. तिसरें, इमारतींत शौचकूपाच्या जागीं स्लॅब पुष्कळदां खोलगट ठेवून वर विटांच्या रोड्यांचा भराव घातलेला असतो; त्यांत आखूड स्क्रू व प्लास्टिकची गुल्ली यांना पकड मिळत नाहीं, आणि स्क्रू पिळीत राहिलें कीं गुल्लीच गरगर फिरूं लागते. या तिन्ही कारणांपैकीं एकावर तरी वरच्या कांठाला लावलेलें पांढरें सिमेंट उपाय होऊं शकेल काय? आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशांतला हा प्रकार आहे.

आणि हा उपाय निरुपयोगी आहे एवढेंच नव्हे. तो घातुक आहे. शौचपात्राच्या पोटांत वांकडी नळी असते व तिच्यांत पाणी अडून राहतें. अलेक्झांडर कमिंग यानें १७७५ सालीं इंग्लंडांत एकस्व घेतलेल्या रचनेंत हीच युक्ति होती, आणि गटारांतील दुर्गंध घरांत येऊं नये यासाठीं जगभर आज तिचाच आश्रय केला जातो. परंतु जमिनीवर टेकणाऱ्या ज्या भांड्याचा मैला खालच्या नळांत पडतो, त्याचा व नळाचा सांधा या पाण्याच्या अडसराच्या पलीकडे असतो, हें ध्यानांत घ्यावें. भांडें हललें कीं तो सांधा हलतो. रबरी कडें सरकतें. अमेरिकेंत बहुधा मेणाचें कडें वापरतात. तें तर एकदां दबलें कीं परत फुगतच नाहीं. मग दुर्गंधास अडविणारें कांहीं उरत नाहीं, आणि प्रत्येक वेळीं थोडें मलिन पाणी बुडाखालीं झिरपतें. अशा वेळीं चारी बाजूंनीं सिमेंटाचा कांठ बंद करणें म्हणजे तें पाणी बाहेर दिसूं न देतां खालच्या छतांत धाडणें होय. झांकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण कुटुंबाच्या अब्रूस लागू असेल. मैल्याच्या सांध्यास ती लावूं नये.

खरा उपाय साधा आहे. प्रथम भांडें नुसतें हलतें कीं सांधाहि सुटला आहे, हें ओळखावें. बुडाशीं ओल दिसत असेल, वास येत असेल, किंवा भांडें बरेच दिवस हलत राहिलें असेल, तर तें उचललेंच पाहिजे; जुनें कडें काढून नवें घातलें पाहिजे. लादी पोकळ असेल तर ती काढून खालीं भरींव मसाला घालून तो पुरता सुकूं द्यावा. नळ उंच असेल तर तो बेतानें कापावा. गुल्ली फिरत असेल तर भोंक साफ करून, भरावाच्या तळाशीं जी घट्ट जागा लागेल तेथवर पोंचणारा लांब स्क्रू, अथवा भोंकांत ओतून घट्ट होणारा रासायनिक मसाला वापरावा. मात्र खालून पाण्याचा वा मैल्याचा नळ जात नाहीं ना, हें आधीं पाहावें. मग भांडें जागेवर ठेवून तें ज्या बाजूस कलतें तेथें प्लास्टिकच्या पातळ पाचरी समोरासमोर सरकवाव्या. भांडें उचललें जाऊं नये, पण हालूंहि नये, इतक्याच. पुठ्ठा किंवा लांकूड घालूं नये; तीं कुजतात. नंतर दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीनें थोडे थोडे आवळावे. एकच बाजू जोरानें आवळली तर चिनी माती तडकते, आणि तिच्या फुटलेल्या कडा सुरीसारख्या कापतात. शेवटीं, बूड हालत नाहीं अशी खात्री झाल्यावर, कांठास सिलिकोन लावावें. तेंहि मागच्या बाजूस बोटभर जागा मोकळी सोडून, म्हणजे पुढें कधीं सांधा सुटला तर पाणी तेथून बाहेर येऊन आपली वर्दी देईल. आमच्या घरीं त्या कारागिरास या सर्वाला अर्धा दिवस लागला, आणि त्याची मजुरी आमच्या तीन वेळच्या सिमेंटाहून फारशी अधिक झाली नाहीं.

आतां आक्षेपकांकडे वळतों. पहिले म्हणतात कीं, हल्लींचे कारागीरच बेफिकीर झाले आहेत. घरमालक बिचारा काय करणार? हें आम्हांस मान्य नाहीं. तोच समाज, तेंच शहर. मग बाहेरच्या खोलींतील फरशी सरळ कां बसली? तेथें आम्ही उभे होतों म्हणून. जेथें मालक पाहणार नाहीं अशी खात्री आहे, जेथें मजुरी नगावर ठरविलेली आहे, आणि जेथें काम झाल्यावर "झालं ना? मग चला" यापलीकडे शब्द मिळावयाचा नाहीं, तेथें मन लावून काम करावें अशी अपेक्षा आम्ही कोणत्या अधिकारानें करतों? आमच्याकडे जो प्रथम आला त्यास आम्हीं पाण्याचा पेलाहि विचारला नव्हता. त्याच्या हातून झालेल्या कामाचा दोष त्याच्या माथीं मारण्यापूर्वीं आपल्या वाट्याचा हिशेब करणें प्रामाणिकपणाचें होय.

दुसरे म्हणतात, थोडेंसें हालतें एवढेंच ना? चालवून घ्यावें. 'चालवून घेणें' हा शब्दप्रयोग आमच्या मध्यम वर्गानें एखाद्या सद्गुणाप्रमाणें जपला आहे. परंतु चालवून कोण घेतो, हें नीट पाहावें. ज्याचे पाय धड आहेत तो हलत्या भांड्यावरहि तोल सांभाळतो; त्यास चालवून घ्यावें लागतच नाहीं. घ्यावें लागतें तें वृद्धेस, गर्भवतीस, लहान मुलास, आजारी मनुष्यास. आणि हीं माणसें बहुधा बोलत नाहींत. घरांतील जो सर्वांत अशक्त, त्याच्या सहनशीलतेवर इतरांनीं औदार्य दाखवावें, असा हा व्यवहार आहे.

तिसरा आक्षेप मनांतला आहे. तो कोणी उघड बोलत नाहीं. ती जागाच अमंगळ. तेथें वांकून पाहणें हें आपलें काम नव्हे. सर्व डळमळीचें मूळ येथें आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हां राजकोटास नेमलेल्या आरोग्यसमितींत गांधींनीं काम केलें. त्यांनीं आत्मकथेंत लिहून ठेविलें आहे कीं, गरिबांनीं आपले शौचकूप पाहूं दिले आणि सुचविलेल्या सुधारणाहि केल्या; वरच्या वर्गांतील कांहींनीं मात्र समितीला घरांत घेण्याचेंच नाकारलें, आणि घाण अधिक आढळली ती त्यांच्याच येथें. आमच्या महाराष्ट्रांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत मैलासफाईचें काम आपणांस द्यावें म्हणून मागणी केली. ती नाकारली जातांच त्यांनीं अन्नाचा सत्याग्रह मांडला, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरांत येरवड्याच्या तुरुंगांतून गांधींनींहि त्यांच्यासाठीं उपवास केला. एका सुशिक्षित ब्राह्मणास हें काम करूं देणें सरकारला आणि समाजाला इतकें अवघड वाटावें, ही गोष्ट कशाची द्योतक आहे? जें काम शतकानुशतकें कांहीं जातींच्या माथीं मारून आम्हीं त्याकडे पाठ फिरविली, तें काम कसें होतें हें पाहण्याची शक्तिच आम्ही गमावून बसलों, याची.

१९९३ सालीं कोरड्या शौचकूपांस व माणसांकडून मैला वाहून नेण्यास बंदी करणारा कायदा झाला. २०१३ सालीं त्याहून व्यापक असा दुसरा झाला. तरीहि गटारांत व मैल्याच्या टांक्यांत उतरून माणसें गुदमरून मेल्याच्या बातम्या अद्याप येतच असतात, आणि आम्ही त्या चहाबरोबर वाचून पान उलटतों. कमोड बसविणाऱ्याचा आणि गटारांत उतरणाऱ्याचा धंदा एक नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु दोघांकडे न पाहणारी आमची दृष्टि एकच आहे. झांकण पडलें, पाणी सुटलें, कीं पुढचें जग आमच्यापुरतें संपतें. सोवळ्याच्या नांवाखालीं जी शुचिता आम्हीं वाढविली, ती घाणीपासून दूर राहणारी आहे. घाण दूर करणारी नव्हे. पांढऱ्या सिमेंटाचा कांठ हें तिचें यथार्थ चिन्ह होय: वरून शुभ्र, आंत चिखल.

म्हणून आमची वाचकांस विनंति आहे कीं, आज घरीं गेल्यावर त्यांनीं एक करावें. त्या खोलींत जावें, भांड्याच्या दोन्ही बाजूंस हात देऊन तें हालतें कीं काय पाहावें, आणि भोंवतालची लादी बोटाच्या पेरानें ठोकून ऐकावी. घरांतील वडीलधाऱ्या माणसास स्पष्ट विचारावें कीं, रात्रीं तेथें जावयास भीति वाटते काय. 'नाहीं' असें उत्तर आलें तर पुनः एकदां विचारावें. नवें भांडें बसविणें असेल तर कारागिरास घाई करूं नये, नगावर न बांधतां पुरत्या वेळेची मजुरी द्यावी, आणि तो काम करीत असतां शेजारीं बसावें. पहारा करावयास नव्हे, शिकावयास. तो पाणसळ लावतो कीं नाहीं, पाचर कोठें घालतो, कांठ बंद करण्यापूर्वीं भांडें हलवून दाखवितो कीं नाहीं, हें विचारण्यांत कमीपणा नाहीं. आणि तो चांगलें करून गेला तर त्याचें नांव शेजाऱ्यांस सांगावें. वैद्याचें सांगतों तसें.

आमच्या घरीं त्या गोष्टीस आतां वर्ष होऊन गेलें. भांडें हलत नाहीं. खालच्या शेजाऱ्यांच्या छताचा खर्च आम्हीं दिला; तो द्यावयासच हवा होता. मातोश्रींच्या उशाशीं रात्रीं पाण्याचा तांब्या भरून ठेविलेला असतो आणि सकाळीं तो रिकामा होतो. तो रिकामा तांब्या पाहिला म्हणजे मधले तीन महिने आम्हांस आठवतात, आणि ते आम्हीं विसरूं नये अशीच आमची इच्छा आहे.